आबांच्या तोंडचं

बऊबाजार, कलकत्ता
८ फेब्रुवारी १९७०

आक्का,

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते आहे. आबांनी सांगितलेलं नाही आणि त्यांना माहीतही नाही. 'चि. सौ. शकुन हिस अनेक उत्तम आशीर्वाद' अशी आबांच्या पत्रांची सुरुवात सवयीनं हाताला आली होती, ती खोडली. तुला आशीर्वाद देणारी मी कोण?

गल्लीतले दुकानवाले दिगंबरअण्णा परवा कोइमतूरहून परत आले. त्यांच्या चुलतभावाचं दुकान तुमच्याच पेठेत आहे म्हणे. त्यांनी सांगितलं की वैशाली दोन वर्षांची होईल आता, गल्लीतल्या पोरींशी तमिळ बोलते आणि घरात मराठी. आणि तुला पुन्हा दिवस गेलेत, मे महिन्यात मोकळी होशील. हे सगळं ते आबांच्या समोरच बोलले. आबांनी चिमट्यात मूस धरलेली होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही. 'बरं' एवढंच म्हणाले आणि सोनं ओतलं.

म्हणून सरळ विचारते. या खेपेला तू बाळंतपणाला इकडे येशील का? गेल्या वेळी तू तिथे एकटी आजारी पडलीस, अकरा दिवस इस्पितळात होतीस, हेही मला अण्णांकडूनच कळलं. तू दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाहीस. मी चार पत्रं पाठवली. ती पोचली का?

मी बी.ए. झाले. ज्यांचं सोनं गाळून देतात त्या गल्लीतल्या सगळ्या सोनारांना आबांनी संदेश मिठाई वाटली आणि लेक पास झाल्याचं प्रत्येकाला बंगालीत सांगितलं, 'आमार मेये पास.' त्यापलीकडे त्यांना बंगाली येत नाही, तेवढं मात्र ते दिवसभर म्हणत होते.

आता मी बालीगंजला परचुरे सरांकडे काम करते. चारुदत्त परचुरे, कॉलेजातून निवृत्त झालेत. त्यांचे आजोबा इथे आले, त्यामुळे सरांचं मराठी पुस्तकी आहे आणि मधेच बंगाली वळण घेतं. 'तू भात खाऊन आली ना? नाही तर आधी खाईल, मग काम करेल,' असं म्हणतात. त्यांच्या भिंतीवर युरोपचा मोठा नकाशा आहे, हातानं काढलेला, आणि त्यावर देशांची नावं नाहीत. आपण ज्याला 'शब्द' म्हणतो त्याला तिथले लोक काय म्हणतात, तेवढंच जागोजागी लिहिलं आहे. मी चिठ्ठ्या आणायच्या, त्यांनी नकाशावर चढवायच्या.

आबांना हे सांगितलं तर म्हणाले, 'एकाच गोष्टीला इतकी नावं कशाला लागत्यात? सोनं कुठंबी सोनंच.'

उत्तर दे. तुझ्या हातचं दे, दाजींच्या नको.

कालिंदी


बऊबाजार
१ मार्च १९७०

आक्का,

तुझं कार्ड मिळालं. चौथीत होतं तसंच आहे तुझं अक्षर, ळ अजून उलटा पडतो. 'आबांनी कळवलं ते पत्र माझ्यापाशी आहे. त्यात सगळं आलं. आता पुन्हा का विचारतेस?' हे तीनदा वाचलं. काय म्हणतेस ते मला नीट समजलं नाही. आबांनी तर त्या वेळी सांगितलं होतं, आणि त्यांनी सांगितलं तेच मी लिहिलं. पत्रात काही वेगळं वाटलं असेल तर ते कशामुळे हे मला खरंच कळत नाही.

तुझं कार्ड मी आबांना वाचून दाखवलं नाही. 'आलं का काय?' असं त्यांनी विचारलं, मी 'नाही' म्हणाले. हे बरोबर केलं का माहीत नाही.

तू विचारलं नाहीस, तरी माझ्या कामाबद्दल लिहिते, कारण दुसरं काय लिहावं ते सुचत नाही. सरांचा नियम असा, की कोशातून काही घ्यायचं नाही. जिवंत माणसाच्या तोंडून घ्यायचं. युरोपला जायला पैसे नाहीत, पण युरोप कलकत्त्यात येतो, असं ते म्हणतात. म्हणून मी ट्रामनं खिदिरपूरच्या गोदीत जाते. तिथे खलाशांसाठी एक वाचनालय आहे, तिथल्या मॅडम सरांच्या ओळखीच्या आहेत, त्या मला शेजारी बसवून घेतात. खलाशाच्या देशाचं वर्तमानपत्र समोर ठेवायचं, दोन्ही अंगठ्यांनी मधला एकच शब्द उघडा ठेवून बाकीचं झाकायचं, आणि विचारायचं, 'एवढ्या एका तुकड्याला तुझी आई काय म्हणते?' आई म्हटलं की माणूस शाळेतलं बोलत नाही, असं सरांचं म्हणणं.

उत्तरेकडचे सगळे एकमेकांचे भाऊ लागतात. इंग्रज वर्ड, जर्मन वोर्ट, आणि बेल्जमचे एक पाद्री आहेत ते वोर्त. नॉर्वेचा माणूस लिहितो ओर्ड पण म्हणतो नुसतं ऊर, शेवटचं खाऊन टाकतो. खाली इटलीत पारोला, स्पेनमध्ये पालाब्रा, पोर्तुगालात पालाव्रा. या तिन्हींचं मूळ म्हणजे गोष्ट, दाखला. फ्रान्स मधेच बसून मो म्हणतो, त्याचं मूळ नुसतं पुटपुटणं. रशियाचा स्लोवो, पोलंडचा स्वोवो. फिनलंडचा सना आणि हंगेरीचा सो यांचं शेजाऱ्यांशी काहीच नातं नाही. दुसऱ्या गावाहून लग्न होऊन आल्यासारखे ते तिथे राहतात.

माल्टाचा एक म्हातारा खलाशी म्हणाला, 'केल्मा.' तिथे खिदिरपूरचा एक हमाल कप उचलायला आला होता, तो, हा तर आमचाच शब्द म्हणून, हसायला लागला. 'ए तो आमादेर कलमा. साहेब, तुमि मुसलमान?' म्हातारा गळ्यातला क्रूस दाखवत म्हणाला, नाही, पण आई हेच म्हणायची. त्या दोघांनी मग चहा घेतला. मी चिठ्ठीत हेही लिहिलं. सर फार खूश झाले.

मला हे काम पवित्र वाटतं, आक्का. माणसामाणसांत पूल बांधल्यासारखं. सरांना तसं म्हणाले तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. 'पूल राहू दे. तू चिठ्ठीवर तारीख घालायला विसरली आहे.'

ये ना. निदान विचार कर.

कालिंदी


बऊबाजार
२२ मार्च १९७०

आक्का,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहते आहे असं मात्र समजू नकोस. खरं म्हणजे वाट पाहतेच आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. युगोस्लाव्हियाची बोट लागली होती. तिचा आचारी आला, अर्धा डोळा मिटलेला, एका बोटाला चिंधी. मी अंगठे ठेवले. तो म्हणाला, 'रिच.' त्याच्याबरोबर बोटीवरचा एक अधिकारी होता, तो इंग्रजी बोलत होता. तो म्हणाला, 'मिस, याचं ऐकू नका, हा बेटावरचा कोळी, शाळेत गेला नाही. बरोबर आहे रिएच.' आचारी काहीतरी पुटपुटला आणि गप्प बसला. मला त्या आचाऱ्याची दया आली. माझ्या हातून त्याचं हसं व्हायला नको, असं वाटलं. मी चिठ्ठीवर त्याचं नाव घातलं आणि शब्द लिहिला रिएच.

सरांनी तीन प्रश्नांत ते काढून घेतलं. रागावले नाहीत, नुसते विचारत गेले. 'हे कोण बोललं?' आचारी. 'त्याच्या तोंडून आलं?' नाही, दुसऱ्याच्या. 'मग याच्या नावावर का?' मी म्हणाले, त्याचं चुकलं होतं, मी सुधारलं. सर म्हणाले, 'बेटावर तसंच बोलतात, कालिंदी. चारशे वर्षं बोलतात. तू त्याला त्याच्या आईच्या घरातून बाहेर काढलं.' आणि मला परत पाठवलं, त्याला शोधून पुन्हा विचारून ये म्हणून. पण मधे शहरात बंद पाळला गेला, दोन दिवस ट्राम नव्हती, आणि मी गेले तेव्हा बोट सुटून गेली होती. नकाशावर ती जागा कोरी आहे.

गोदीतून घरी चालत आले. किती अंतर आहे तुला ठाऊक आहे. धर्मतल्यापर्यंत मी आचाऱ्याचा विचार करत होते आणि नंतर त्याचा नाही.

आक्का, तुझ्यापाशी जे पत्र आहे ते आबांचं नाही.

नोव्हेंबर ६७ मध्ये दाजींचं पत्र आलं, की शकुनला बाळंतपणाला पाठवू का. आबा भट्टीपाशी उकिडवे बसले होते. मी मांडीवर पाटी, तिच्यावर कागद घेऊन जिन्यात. ते म्हणाले, आणि मला ते अजून जसंच्या तसं ऐकू येतं:

'लिव्ह. शकू, ये म्हनावं. जागा न्हाय. भट्टीचा धूर हाय. पानी खालनं आनाय लागतंय. करायला बाईमानूस न्हाय, तुजी आई न्हाय. समदं हाय ह्ये. ये. मी हाय.'

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मला हे ओबडधोबड वाटलं. दाजींच्या घरचे वाचतील, काय म्हणतील. म्हणून मी ते चांगल्या भाषेत घातलं. काय घातलं ते तुला पाठ असेल, पण मलाही आहे: 'येथे जागेची अडचण आहे. भट्टीचा धूर बाळंतिणीस अपायकारक ठरण्याचा संभव आहे. पाणी खालून आणावे लागते व घरात करणारे स्त्री-माणूस नाही. तरी या सर्व बाबींचा सारासार विचार करून आपण योग्य तो निर्णय घ्यावा. आपल्या निर्णयास माझा आशीर्वाद आहे.'

'ये' दोनदा होतं म्हणून एकदाही घातलं नाही. 'मी हाय' कुठे बसवावं ते समजलं नाही.

तू त्याचा अर्थ 'येऊ नको' असा घेतलास ना? मी तुझ्या कार्डावरूनच ओळखलं होतं. मागच्या पत्रात 'कळत नाही' असं लिहिलं ते खोटं होतं.

आबांना वाटतं, आपली लेक गर्विष्ठ झाली. बोलावलं तरी आली नाही. ते असं कधी बोलले नाहीत, पण कुणी 'थोरली कशी आहे' विचारलं की म्हणतात, 'हाय तिच्या घरी.'

कालिंदी


बऊबाजार
५ एप्रिल १९७०

आक्का,

पाकीट मिळालं. आत माझंच पत्र, ६७ सालचं, घडीवर झिजलेलं. सोबत तुझी एक ओळ नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. तू परत का पाठवलंस? घरात ठेवायचं नाही म्हणून? आबांना दाखव म्हणून? की माझा विश्वास नाही, माझंच अक्षर बघ, असं? एक वाटतं आणि लगेच दुसरं वाटतं.

शेवटी आज सकाळी आबांपाशी नेलं. रविवार, भट्टी थंड होती. ते सोनारांकडून आणलेला केर चाळत बसले होते. मी म्हणाले, 'आबा, आक्कानं एक पत्र परत पाठवलंय.' ते म्हणाले, 'वाच.'

मी वाचलं. ते चाळत राहिले. मी संपवलं तेव्हा म्हणाले, 'कुनाचं पत्र म्हनायचं ह्ये?'

'तुमचं. तुम्ही तिला घातलेलं.'

'मी न्हाय असं बोलत.'

'तुम्ही सांगितलं ते मी नीट करून लिहिलं.'

त्यांनी चाळण खाली ठेवली. 'पुन्यांदा वाच.' मी पुन्हा वाचलं. मग ते उठले, चप्पल घातली आणि पत्र हातात घेऊन दिगंबरअण्णांच्या दुकानावर गेले. मी मागून गेले. त्यांनी अण्णांना ते वाचायला लावलं. माझ्यासमोर, आक्का. मी वाचलं ते तसंच आहे का, हे पाहायला. अण्णा वाचत गेले आणि आबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. अण्णा शेवटी म्हणाले, 'भाषा लई झ्याक हाय पोरीची.' आबांनी पत्र त्यांच्या हातातून परत घेतलं.

परत येताना वाटेत मी त्यांना म्हणाले, की मी तुमचं बोलणं स्वच्छ करत होते. तुम्ही केरातून सोनं गाळता तसं. मला वाटलं, ही गोष्ट त्यांना समजेल. ते म्हणाले, 'राख टाकायची नसती, तिच्यातबी सोनं ऱ्हातंय, येवडं बी म्हाईत न्हाय व्हय तुला?' आणि पुढे चालू लागले.

घरी आल्यावर मी चहा केला. त्यांनी घेतला. कप ठेवताना सहज विचारल्यासारखं म्हणाले, 'तवा परीक्षा व्हती न्हवं तुजी?'

मी त्यांचा कप विसळायला घेतला.

'उन्हाळ्यात व्हती. शकू आली असती तर तुलाच कराय लागलं असतं.'

त्यांनी एवढंच म्हटलं. वर पाहिलंही नाही.

मला खरंच माहीत नाही, आक्का. मी ते पत्र लिहीत होते तेव्हा परीक्षा माझ्या डोक्यात होती का? असणारच, रोजच असायची. तू येणार, पाणी मी आणणार, रात्री बाळ रडणार, पुस्तकं माळ्यावर जाणार, हे मी जिन्यात बसल्या बसल्या पाहिलं होतं का? की हे आज आबांनी म्हटल्यावर मला दिसतंय, आणि तेव्हा मी फक्त चांगलं मराठी लिहीत होते? दोन्ही मला खरं वाटतं. तू मला वेणी घालायला शिकवलंस, आई गेल्यावर माझ्या शाळेसाठी तू स्वतःची सोडलीस. तुझ्या जागी बसून मी बी.ए. झाले आणि तुला यायला जागा नाही असं कळवलं. वाक्य मात्र मी बिनचूक लिहिलं होतं.

दुपारी सरांच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं. वाटलं, ते काहीतरी समजावतील. ते नकाशापाशी उभे होते. रुमानियाचा कुविंत त्यांनी तेव्हाच चढवला होता. एका डॉक्टरांच्या बायकोकडून मी तो आणला होता. सर म्हणाले की या शब्दाचं मूळ म्हणजे एकत्र येणं, माणसं जमणं. मी विचारलं, 'सर, मी काय करू?' ते म्हणाले, 'मला फक्त हे माहीत आहे की लोक काय म्हणतात. काय करतात ते नाही.' मग म्हणाले, 'आज तू घरी जा.'

कालिंदी


बऊबाजार
१० एप्रिल १९७०

आक्का,

आबांनी सांगितलंय की पत्र घालू नको. तरी घालते आहे. ते काल मद्रास मेलनं निघाले.

सोमवारी सकाळीच त्यांनी तुझ्याकडे यायचं ठरवलं आणि दुकानाची किल्ली दिगंबरअण्णांकडे दिली. सोन्याच्या व्यवहारावर बंधनं घालणारा कायदा आल्यापासून काम कमीच आहे, पण एवढ्या वर्षांत त्यांनी भट्टी चार दिवसांवर कधी थंड ठेवली नाही, आई गेली तेव्हासुद्धा. मी म्हणाले, 'आबा, मी आक्काला सगळं खरं लिहिलंय. तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंय. ती आता येईल.' ते म्हणाले, 'तिला कसं कळावं, ह्ये तरी माजंच हाय म्हनून?'

मी बरोबर येते म्हणाले. 'नगं.' मग मी त्यांना एक पुठ्ठा करून दिला. एका बाजूला मराठीत तुमचा पत्ता, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत, मद्रासला कुठली गाडी बदलायची ते खाली. त्यांना वाचता येत नाही, कुणाला तरी दाखवतील म्हणून. त्यांनी पुठ्ठा घेतला, दोन्ही बाजू पाहिल्या, आणि खाली जाऊन अण्णांना दाखवून आले. अण्णांनी तो मोठ्यानं वाचला. मी जिन्यात उभी होते. मग हावड्याला गाडीत बसल्यावर समोरच्या एका तेलुगू माणसाला त्यांनी इंग्रजी बाजू वाचायला लावली. त्यानं कोइमतूर म्हटलं तेव्हा आबांनी पुठ्ठा खिशात घातला.

मला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी तुझ्यासाठी काय घेतलंय ते सांगत नाही. पण तुला न्यायला आलेत की तिथेच राहायला आलेत, हे मलाही माहीत नाही. मी फलाटावर विचारलं, 'आबा, तिला काय सांगणार?' ते म्हणाले, 'बघू.' गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही, पण दिसेनासे होईपर्यंत माझ्याकडेच पाहत होते. त्याचा अर्थ मी कालपासून लावते आहे. काही लागत नाही.

तू त्यांच्याबरोबर आलीस तर पाणी मी आणीन. सरांना सांगितलं आहे, मे आणि जून मी येणार नाही. तू आली नाहीस तर मी तिकडे येऊ का, हे विचारायचं धाडस होत नाही, म्हणून विचारत नाही.

ते रविवारी सकाळी पोचतील. हे पत्र बुधवारी तरी तुझ्या हातात पडेल. तोपर्यंत त्यांनी काय ते सांगितलेलं असेल, आणि ते काय, हे मला ठाऊक नसेल. तसंच असू दे. एकच गोष्ट, ती ते स्वतः सांगायचे नाहीत. गेल्या वर्षापासून त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलायला डाव्या बाजूला बस.

कालिंदी